मदत हवी आहे: इंडियानातलं अर्लम कॉलेज, लेकीला पाठवावं का?

नमस्कार मंडळी,

माझी लेक मुळशीच्या यूडब्ल्यूसी महिंद्र कॉलेजात बारावीला आहे. तिला अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रिचमंडच्या अर्लम कॉलेजात प्रवेश मिळालाय. शिष्यवृत्ती चांगली आहे. १ मेपर्यंत होकार कळवायचाय आणि मला रात्र रात्र झोप नाही.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८४७ मध्ये शाळा म्हणून सुरू केलेलं, १८५९ पासून कॉलेज झालेलं हे ठिकाण. आवार ८०० एकरांचं, मागे रान, घोड्यांचा तबेला मुलंच सांभाळतात. प्राध्यापकांनाही नावानेच हाक मारतात. लेकीला जीवशास्त्र घ्यायचंय. तिथल्या संग्रहालयातला मॅस्टोडॉनचा (हत्तीसारखा नामशेष झालेला प्राणी) सांगाडा तिने मला फोनवर चारदा दाखवलाय.

सासूबाईंना धास्ती होती, धर्म बदलायला लावतील. मी त्यांना सांगितलं, आवारातल्या मीटिंगहाउसमधे उपासना असते ती गप्प बसून. पाद्री नाही, प्रवचन नाही, कुणाला आतून वाटलं तर उठून दोन शब्द बोलायचे. त्या इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस करून आल्यात. म्हणाल्या, "मग पोरीला कळेल तरी गप्प बसणं म्हणजे काय."

माझी काळजी वेगळी आहे. क्वेकर रीतीत निर्णय बहुमताने नाही, सगळ्यांचं ऐकून, सगळ्यांच्या संमतीने घेतात. वाचायला फार छान वाटतं. पण माझी लेक घरातही सगळ्यांचं बोलून झाल्यावर बोलते. जेवताना काही म्हणायचं असेल तर आधी ताटातला भात एका बाजूला सारते, मग मान वर करते. तेवढा वेळ आम्ही थांबतो, कारण आम्हाला माहीत आहे. तिथे कुणी थांबेल का? की अमेरिकन मुलांच्या धडाधड बोलण्यात ती मागेच राहील?

दुसरं, गाडीशिवाय कसं निभतं? डेटनचा विमानतळ तासाभरावर आहे म्हणे, पण थंडीत, बर्फात जायचं कसं? डिसेंबरच्या सुट्टीत परदेशी मुलं राहतात कुठे, जेवतात काय? ती अंडंही खात नाही.

अर्लममधे किंवा इंडियाना-ओहायोकडच्या अशा छोट्या कॉलेजात तुम्ही शिकला असाल, मुलं शिकत असतील, तर कृपया मोकळेपणाने लिहा. पहिल्या हिवाळ्यात काय जड गेलं, तेही लिहा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.