कोरिंथियन शिरस्त्राणाला कानाला जागा का नाही?

वेंगुर्ल्याचा_रंगकर्मी: गणपतीत वाडीत ग्रीकांच्या मॅरेथॉनच्या लढाईवर एकांकिका बसवतोय. फोटोतल्या ग्रीक शिरस्त्राणात डोळे आणि तोंडाची फट सोडली तर सगळं बंद. मग सैनिकांना ऐकू कसं यायचं? आणि ते ओतीव की ठोकलेलं? रंग हिरवाच द्यायचा ना?

तांबटकाका_मालवण: हिरवा अजिबात नको. तो जमिनीत पुरलेल्या काशाचा रंग, नवं असताना ते सोन्यासारखं झळकायचं.

काम ठोकीव, आणि चांगल्या नगात जोड नाही. डोक्याची खोल वाटी, गालपट्ट्या, नाकावरची पट्टी, सगळं एकाच तुकड्यातून. ठोकता ठोकता कासं कडक होतं, मग चिरतं. म्हणून मध्ये मध्ये लाल तापवायचं. पोलाद लाल करून पाण्यात घातलं तर कडक होतं, कासं मऊच राहतं. शेवटचे घाव मात्र थंडपणीच, कडकपणा त्यातूनच येतो. त्यांच्या काशात कथील साधारण दहा टक्के. आपण तळपाय घासतो त्या काशाच्या वाटीत वीसच्या वर असतं, ती थंड ठोकाल तर तडकेल. आमच्या आजोबांनी मठारलेली घागर बघून लोक वा वा करायचे, पण नाकाची पट्टी जाड ठेवून माथा पातळ उतरवायचा म्हणजे हात वेगळाच लागतो बाबा.

जुनी_नाणी: ऐकू कमीच यायचं. पण फळीत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, समोरचा भाला महत्त्वाचा. लढाई नसताना ते मागे सरकवून कपाळावर ठेवत, अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या पुतळ्यात तसंच दिसतं. पुढे कानाला जागा ठेवलेला खाल्किडियन प्रकार आला. तुमच्या नाटकासाठी खास : इ.स.पू. 490 ला मॅरेथॉनची लढाई जिंकणाऱ्या सेनापती मिल्टियाडीसचं नाव कोरलेलं, झ्यूस देवाला वाहिलेलं कोरिंथियन शिरस्त्राण ग्रीसमधल्या ऑलिंपियाच्या संग्रहालयात आहे. ते त्याने त्याच लढाईत घातलं होतं असं मात्र त्यावर लिहिलेलं नाही.

वेंगुर्ल्याचा_रंगकर्मी: काका, पितळी पत्र्याचं करून द्याल?

तांबटकाका_मालवण: देईन, पण दीड किलो डोक्यावर घेऊन तुझा नट भादव्याच्या उकाड्यात संवाद म्हणणार? आणि बाहेर ऐकू कोणाला जाणार? कागदाच्या लगद्याचं कर, वर सोनेरी रंग. दशावतारातले मुकुट करणाऱ्याला गाठ, त्याला हलकं करायची सवय असते. आतून जाड कापड लाव, ग्रीकही अस्तर लावायचेच. वरचा तुरा घोड्याच्या केसांचा असायचा, तुला काथ्या चालेल.