मदत हवी आहे: क्लिअरन्सच्या लॉटमधील सौंदर्यप्रसाधने घ्यावीत का?

नमस्कार. सांगलीत विश्रामबागला माझे सौंदर्यप्रसाधनांचे छोटे दुकान आहे. ऑनलाइन विक्रीतून परत आलेली किंवा दुकानांत न खपलेली क्रीम, शाम्पू, सनस्क्रीन आणि पोषणपूरक गोळ्या भिवंडीच्या गोदामांतून लॉटने स्वस्तात मिळतात; तो माल घ्यावा की नाही, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

व्यापाऱ्याने पाठवलेला नमुन्याचा खोका मी बारकाईने तपासला. काही सनस्क्रीनच्या ट्यूबच्या चपट्या कडेवरील बॅच क्रमांक पुसलेला होता, एका सीरमच्या बाटलीवर मुदतीची तारीख झाकेल असे नवे लेबल चिकटवले होते आणि परदेशी लिपस्टिकवर आयातदाराचे नावच नव्हते. असा माल मी विकणार नाही, कारण गिऱ्हाईक तो विश्वासाने चेहऱ्याला लावते. औषधविक्रीचा परवाना लागणाऱ्या गोळ्याही वगळल्या आहेत. प्रश्न उरलेल्या, वरकरणी चांगल्या दिसणाऱ्या मालाचा आहे.

पत्र्याच्या गोदामात उन्हाळा काढलेल्या सनस्क्रीनचा गुण टिकला आहे की नाही, हे कसे ओळखावे? आयात प्रसाधनांना कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार नोंदणी लागते आणि पोषणपूरक गोळ्यांच्या डबीवर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असावा लागतो, एवढे मला ठाऊक आहे. परंतु लॉटच्या बिलावर बॅचनिहाय तपशील मागितल्यास व्यापारी तो देतात का? मूळ कंपनीकडून बॅच पडताळून घेता येते का? सांगली-मिरजेत कुणी असा माल घेतला असल्यास त्यातला किती टाकून द्यावा लागला, तेही कृपया कळवावे. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मला तो हिशेब मांडायचा आहे.