दक्षिण सुंगचा बालसम्राट चाओ शिएन: शरण गेल्यावर पुढे काय झालं?

नदीकाठ: मंगोलांनी चीनचं सुंग घराणं कसं संपवलं ते वाचतेय. सगळीकडे शेवट म्हणून 1279 ची यामेनची लढाईच येते, लू शिउफू मंत्री छोट्या बादशहाला घेऊन समुद्रात उडी मारतो ती. पण त्याच्या आधी गादीवर त्याचाच सावत्र भाऊ चाओ शिएन होता ना, 1276 मध्ये राजधानी हांगचौ मंगोलांच्या हाती गेली तेव्हाचा? त्याला मारलं नाही म्हणतात, मग त्या लेकराचं झालं काय? आणि युआनचा, म्हणजे चीनमधल्या मंगोल घराण्याचा, शेवटचा बादशहा तोगोन तेमूर हा याचाच मुलगा, हे खरं का?

आडवाट: मुळात "तो शरण गेला" हे म्हणणंच मला पटत नाही. 1274 ला गादीवर बसवलं तेव्हा पोराला तीन वर्षंही पूर्ण नव्हती, सगळा कारभार आजीकडे, थोरल्या राजमाता शिए यांच्याकडे, आणि मंगोल सेनापती बायानची फौज दाराशी आल्यावर राजमुद्रा पाठवली ती त्यांनीच. मग त्याला आणि त्याची आई राजमाता च्वान हिला उत्तरेला कुबलाईखानासमोर नेलं. कुबलाईने राज्य घेतलं पण सरदारकी दिली. त्याची बेगम चाबी मला फार मोठ्या मनाची वाटते, सुंगांचा लुटून आणलेला खजिना दरबारात मांडला होता तर तिने एक नजर टाकली आणि निघून गेली, त्यांनी मुलाबाळांसाठी साठवलं, त्यांना ते राखता आलं नाही, त्यातलं मी काय म्हणून घेऊ असं तिचं म्हणणं. च्वानला उत्तरेची हवा मानवेना म्हणून तिला माघारी पाठवा अशी गळही तिने घातली होती. कुबलाई ऐकला नाही, म्हणाला तिकडे नुसती बंडाची आवई उठली तरी हिचा जीव जाईल.

शब्दवेल्हाळ: पुढचा भाग तर कुणी सांगतच नाही!! 1288 मध्ये त्याला तिबेटला धाडलं, सतरा वर्षांचा असेल तेव्हा, आणि तो साक्य मठात भिक्षू झाला, तिबेटी शिकला, चोकी रिनचेन नाव घेतलं. आपल्याकडचा न्यायप्रवेश हा तर्कशास्त्राचा संस्कृत ग्रंथ ह्युएनत्संगने चिनीत नेला होता, त्या चिनीवरून तिबेटी भाषांतर साक्यला झालं त्यात याचा हात आहे. राज्य गेलेल्या पोराने परक्या भाषेत एवढी विद्या मिळवली, त्याची ओळख नुसती हरलेला बादशहा म्हणून का ठेवायची?

आडवाट: +1. आणि एवढं करूनही सोडलं नाहीच त्याला, 1323 मध्ये युआन दरबाराच्या हुकमाने मारलं, पन्नाशी उलटलेला भिक्षू. एका कवितेवरून संशय आला असं सांगतात पण ती गोष्ट नंतरची आहे. तिबेटी बखरीत तर रक्ताऐवजी दूध वाहिलं असं लिहिलंय, म्हणजे तिथल्या लोकांना तो निर्दोषच वाटला.

तोगोन तेमूरचं मात्र मला अजिबात खरं वाटत नाही. त्याचा बाप युआन बादशहा कुसला. पण कुसला गेल्यावर दरबारानेच जाहीर केलं की हा त्याचा मुलगा नव्हे, आणि पोराला कोरियात हद्दपार केलं. गादीच्या भांडणातलं राजकारण हो ते. मग खरा बाप कोण ही जागा रिकामी राहिली, तिथे लोकांनी सुंगांचा वारस बसवला, मंगोलांच्या गादीवर शेवटी आपलंच रक्त होतं म्हणायला बरं वाटलं असणार.

नदीकाठ: खूप आभार दोघांचे. च्वानचं पुढे काय झालं?

शब्दवेल्हाळ: तीही भिक्षुणी झाली, पण तातूला, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये. दक्षिणेत परत नाहीच जाता आलं तिला.