जखम चिघळली नाही म्हणून सिस्टरना भत्ता द्यावा का?

प्रश्न
सोलापुरातील ३० खाटांच्या एका शस्त्रक्रिया रुग्णालयाचे व्यवस्थापन मी पाहतो. ज्या महिन्यात शस्त्रक्रियेची जखम चिघळल्याची एकही नोंद होणार नाही, त्या महिन्यात वॉर्डातील सिस्टरना प्रोत्साहन भत्ता द्यावा, असा विश्वस्तांचा प्रस्ताव आहे. सरकारी रुग्णालयांतील स्वच्छतेसाठी दिल्या जाणाऱ्या शासनाच्या ‘कायाकल्प’ पुरस्कारातही काही रक्कम कर्मचाऱ्यांना मिळते, असा दाखला ते देतात. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर १
शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत, आणि कृत्रिम सांधा बसवला असल्यास ९० दिवसांपर्यंत, दिसलेला जंतुसंसर्ग हा त्या शस्त्रक्रियेचाच धरावा लागतो. आपला रुग्ण मात्र चार-पाच दिवसांत डिस्चार्ज घेऊन मंगळवेढ्याला किंवा अक्कलकोटला जातो, टाके तिथल्याच डॉक्टरांकडे काढतो आणि पू झाला तरी तिथेच ड्रेसिंग करून घेतो. आपल्या रजिस्टरला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय वॉर्डात जखम लालसर दिसली आणि पू तपासणीला पाठवायचा झाला, तर आपल्यामुळे सगळ्यांचा भत्ता बुडेल, हा विचार सिस्टरच्या मनात येणारच. ही योजना कोऱ्या रजिस्टरला बक्षीस देते.

उत्तर २
ब्रिटनमध्ये २००४ पासून फॅमिली डॉक्टरांच्या उत्पन्नाचा मोठा भाग रक्तदाब, मधुमेह यांसारख्या आजारांच्या ठरावीक निकषांशी जोडला गेला. पहिल्याच वर्षी सरासरी दवाखान्याने १,०५० पैकी ९५० हून अधिक गुण मिळवले. पुढे मात्र सुधारणेचा वेग मंदावला आणि ज्या बाबींना पैसे नव्हते त्यांतील काहींकडे दुर्लक्ष झाल्याचे अभ्यासकांना आढळले. स्कॉटलंडने तर २०१६ मध्ये ही पद्धत बंदच केली.

‘कायाकल्प’चा दाखला इथे लागू पडत नाही, कारण तिथे अंतिम गुण बाहेरचे परीक्षक प्रत्यक्ष पाहणी करून देतात. आपल्याकडे भत्ता घेणाराच नोंद करणार.

उत्तर ३
पैसे देऊच नयेत, या मताचा मी नाही. चिरा देण्यापूर्वीच्या तासाभरात अँटिबायोटिक दिले गेले का, केस वस्तऱ्याने न काढता क्लिपरने काढले का, हे केसपेपरवरून दुसऱ्या विभागातील व्यक्तीला तपासता येते. भत्ता त्यावर ठरवावा. पण यातली निम्मी कामे ऑपरेशन थिएटरमधली आहेत, तेव्हा सर्जन आणि भूलतज्ज्ञांना वगळून केवळ वॉर्डच्या सिस्टरना जबाबदार धरणे मला तरी पटत नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. प्रत्येक रुग्णाला तिसाव्या दिवशी फोन करण्यासाठी एका सिस्टरला स्वतंत्र वेळ आणि मानधन द्यावे, आणि वर्षभर त्यातून कळणाऱ्या जंतुसंसर्गाच्या आकड्याचा भत्त्याशी संबंध जोडू नये, असे विश्वस्तांना सुचवतो. सर्जन मंडळींचा विषय बैठकीत काढावा लागेल. तो सोपा जाणार नाही.