मदत हवी आहे: कॉलेजचा पंधरा वर्षांचा आराखडा लिहायचा आहे, इमारतीचं पान अडलंय

अबोली:

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात फोंड्याच्या पलीकडे एका अनुदानित कॉलेजात शिकवते. तिन्ही शाखा आहेत, मुलं हजाराच्या आत. मे महिन्यात प्राचार्यांनी संस्था विकास आराखड्याचं काम माझ्याकडे दिलं. चतुर्थीच्या सुट्टीआधी कच्चा मसुदा व्यवस्थापनापुढे ठेवायचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक संस्थेने असा आराखडा करावा असं म्हटलंय, २०२४ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) त्याची मार्गदर्शक तत्त्वंही दिली. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी चौथा इमारती-ग्रंथालयाचा आणि सहावा कारभार-नियोजनाचा, तिथेही हा कागद लागतोच. बाकीची पानं होतील. अडलंय ते इमारतीच्या पानावर.

सगळ्या विभागांकडून मागण्या मागवल्या. प्रत्येक यादीत पहिली ओळ एकच: नवी इमारत हवी. मलाही ते पटलं होतं. सकाळी नऊला आमच्याकडे एक खोली मोकळी मिळत नाही. गेल्या पावसाळ्यात मी सात मुलांचा तास व्हरांड्यात घेतलाय. झड आली की खुर्च्या भिंतीकडे ओढायच्या, वह्या ओढणीखाली धरायच्या.

पण लिहिण्याआधी मोजावं म्हणून एक आठवडा आमच्या शिपाईकाकांबरोबर दर तासाला सगळ्या खोल्यांतून फिरले. १२ वर्गखोल्या, सकाळी ८ ते दुपारी ४, पाच दिवस, म्हणजे ४८० तास. त्यातले ३१८ तास वर्ग चालू होते. एक वाजेपर्यंत ३०० पैकी २७३, एकनंतर १८० पैकी फक्त ४५. आणि ६० बाकांच्या खोलीत सरासरी २७ मुलं.

कारण आम्हा सगळ्यांना माहीत आहे. सव्वाची बस. ती चुकली तर सत्तरी तालुक्याकडच्या मुलांना पुढची साडेतीनला. आमचं वेळापत्रक त्या बसने ठरतं, आता वाटतं इमारतही तिनेच ठरणार आहे.

दुसरं म्हणजे २०२३-२४ पासून चार वर्षांचा अभ्यासक्रम आला. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), बहुविद्याशाखीय, कौशल्याचे विषय... पूर्वी एक वर्ग एका खोलीत बसायचा, आता त्याचे पाच गट होतात. बारा-पंधरा मुलं मोठ्या खोलीत पहिल्या दोन बाकांवर बसतात. पहिली तुकडी २०२६-२७ ला चौथ्या वर्षात जाते, १६० श्रेयांकांपर्यंत (क्रेडिट). त्यांच्यातली संशोधन करणारी मुलं दिवसभर बसणार कुठे?

माझी मोजणी बरोबर आहे का? आणि व्यवस्थापनाला जुन्या इमारतीवर आणखी एक मजला चढवायचाय. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, तळमजला आणि वर एक, स्लॅब दर पावसात गळतो. यावर जाणत्यांनी सांगावं.

कोल्हापूरकर:

ताई, मोजणी बरोबर आहे, फक्त दोन्ही आकडे एकमेकांना गुणा. खोली ६६ टक्के वेळ वापरात, बाकं ४५ टक्के भरलेली, म्हणजे जागेचा खरा वापर ३० टक्क्यांच्या आसपास. शंभराची अपेक्षा कुणीच धरत नाही. एका तासातून दुसऱ्यात जायला वेळ लागतो, परीक्षा असतात, दुरुस्त्या असतात. तरी ३० म्हटल्यावर नव्या वर्गखोल्यांची मागणी टिकायची नाही.

प्रयोगशाळा यात मिसळू नका. तासिकेच्या एका श्रेयांकाला १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास. त्यामुळे वर्ग मोकळे असले तरी प्रयोगशाळा तुंबलेली असू शकते. तिचा तक्ता वेगळा करा, मागणी बहुतेक तिथे सापडेल.

मोठ्या खोल्यांपैकी दोन-तीन मधोमध विभागा. आम्ही प्लायवूडचं पार्टिशन घातलं आणि पस्तावलो, पलीकडची मराठीची कविता अलीकडच्या सांख्यिकीत ऐकू यायची. भिंतच बांधा, पंख्यांची-दिव्यांची बटणं दोन्हीकडे वेगळी करा.

चिरेखाण:

बाई, मी तीसेक वर्षं सरकारी बांधकामात काढली, आता निवृत्त. मजल्याचा विषय आज कागदावर आणूच नका. चिऱ्याच्या भारवाही भिंतींवरची इमारत आहे, वरचं वजन शेवटी पायाखालच्या जमिनीवर येतं. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. रिबाउंड हॅमरने ठोकून काँक्रीटचा कठीणपणा बघतील, संशय आला तिथे काँक्रीटचा कोअर (गोल तुकडा) तपासायला काढतील. तोपर्यंत तुम्ही स्वतः एक करा: स्लॅबच्या खालच्या अंगाला गिलावा फुगलाय का, आतल्या लोखंडाच्या रेषेत गंजाचे तांबडे ओघळ आलेत का, ते खोलीवार लिहून फोटो काढा. तसे ओघळ असतील तर त्या खोलीत मुलं बसवू नका, ऑडिटची वाट न बघता.

गळतीला नुसतं वॉटरप्रूफिंग इथे फार काळ पुरत नाही. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. सपाट स्लॅबवर उताराचं पत्र्याचं छप्पर घाला आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढं ते बाहेर काढा. चिरा पाणी पितो, भिंत ओली राहिली की आतला गिलावा जातो. गच्चीवरच्या पाण्याच्या वाटा मेच्या मध्यापर्यंत साफ झाल्याच पाहिजेत, हे काम आराखड्यात दरवर्षीचा खर्च म्हणून लिहा. बांधकामाला देणगीदार मिळतो, पन्हळ साफ करायला कुणी देत नाही. हे मी आयुष्यभर बघितलंय.

आणि छपराचं पाणी सोडू नका. ८०० चौरस मीटर छप्पर असेल तर वर्षाला २४ लाख लिटर पाणी त्यावर पडतं. सगळं साठणार नाही, पण गाळून विहिरीत सोडता येतं. तुमच्याकडे मेमध्ये टँकर येत असेल ना?

दुपारचा_तास:

पंधरा वर्षांचा आराखडा आहे म्हणून एक मुद्दा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्याचा एकूण प्रजनन दर १.३ आहे, म्हणजे एका बाईमागे सरासरी १.३ मुलं. २०२० मध्ये जन्मलेलं मूल २०३८ ला कॉलेजात येणार. मुलं वाढतील असं धरून खोल्या बांधल्या तर तेव्हा त्या कुणासाठी? जे बांधाल ते उद्या दुसऱ्या कामाला वापरता येईल असं बांधा. आणि दुपार वापरायची तर प्रात्यक्षिकं एकत्र करा. प्रत्येक वर्गाला आठवड्यात दोनच दुपारी थांबायला लावा, बाकीचे तीन दिवस ती सव्वाची बस गाठतील. दुपारी थांबणाऱ्यांना जेवायला जागा मात्र द्या.

अबोली:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शिडी लावून पाहिलं. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत दोन जागी तांबडे ओघळ आहेत, एका ठिकाणी गिलावा बोटाने दाबला तर पोकळ वाजतो. आज सकाळी प्राचार्यांना दाखवलं, खोली बंद केली. टँकर येतो, होय, एप्रिलपासूनच.

आणखी एक मोजलं. ग्रंथालयाच्या दाराशी तीन पायऱ्या, एकूण ४५ सेंटीमीटर. १:१२ च्या उताराने रॅम्प ५.४ मीटर लांब होतो, मधे सोनचाफा येतो. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला व्हीलचेअरवरची एक मुलगी आहे. तिची पुस्तकं मैत्रिणी आणून देतात, ती दोन वर्षांत एकदाही आत गेलेली नाही. रॅम्प वळवून घेता येतो का, चिरेखाणकाका? वळणावर सपाट जागा किती सोडायची? झाड तोडायचं नाही, पण ती मुलगी पास होऊन जाण्याआधी हे व्हायला हवं.

मजल्याचं पान मी काढून टाकलंय. त्या जागी प्रयोगशाळेचा तक्ता, छप्पर आणि चार छोट्या खोल्या. बसची वेळ बदलून मागण्यासाठी कॉलेजने कधी अर्ज केला असेल आणि तो मान्य झाला असेल, तर त्यात काय लिहिलं होतं ते कुणी सांगेल का? सोबत मुलांच्या गावांची यादी जोडायचा विचार आहे.