मदत हवी आहे : कोयनाकाठचे मेफ्लाय ओळखायचे कसे?

नमस्कार मंडळी,

आमचं घर पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठाजवळ. पावसाळा सरला की अंधार पडल्यावर ओट्यावरच्या दिव्याखाली नाजूक पाखरं येऊन बसतात. गावात त्यांना सरसकट चिलटंच म्हणतात. पंख पाठीवर उभे मिटलेले, मिशा अगदी आखूड, शेपटीला लांब धागे. त्यामुळे हे मेफ्लाय, म्हणजे पिल्लं पाण्यात वाढणारे नाजूक कीटक, यात शंका नाही. पुढे कुळ ठरवताना घोडं अडतं.

एका प्रकाराला शेपटीचे धागे दोन. मागचे पंख भिंगातून जेमतेम दिसतात, आणि काहींच्या डोक्यावर फेटा बांधल्यासारखे नारिंगी, फुगीर डोळे. मला हे बीटिडी कुळातले नर वाटतात. दुसरा प्रकार तीन-चार मिलिमीटरचा. त्याला धागे तीन, मागचे पंख नाहीतच, पुढचे पंख दुधी आणि कडेला बारीक केसांची झालर. हा सीनिडी कुळातला असावा का?

खरा घोळ इथे आहे : दोन धागेवाल्यांपैकी काहींचे पंख स्वच्छ, काचेसारखे असतात, तर काहींचे मळकट राखाडी. या दोन जाती धरायच्या की एकच?

आणखी एक. जवळच्या ओढ्यातले दगड उलटले की खालच्या बाजूला चपटी पिल्लं चिकटलेली दिसतात. डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला, पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांची पानं, शेपटीचे धागे तीन. पायाला नखी एकच, म्हणजे स्टोनफ्लाय (पाण्यात पिल्लं वाढणारा दुसरा एक कीटकगट) नव्हे. ही हेप्टाजेनिडी या मेफ्लाय कुळातली असतील तर त्यांचे उडणारे प्रौढ दिव्यावर कसे ओळखू? जाणकारांनी कृपया सांगावं. गावातल्या मुलांना घेऊन ओढ्यातल्या किड्यांची नोंद ठेवायची फार इच्छा आहे, आणि ती चुकीच्या नावांनी सुरू व्हायला नको.

प्रतिसाद

दोन्ही अंदाज पटतात. मळकट पंखवाले बहुधा उपप्रौढ आहेत, म्हणजे पंख फुटलेत पण शेवटची कात टाकायची बाकी आहे. पंख फुटल्यावरही एकदा कात टाकणारे कीटक म्हणजे फक्त मेफ्लाय. एखादा मळकट नमुना जाळीच्या झाकणाच्या बरणीत, आत काडी उभी करून, रात्रभर ठेवा. सकाळी काडीवर कात आणि शेजारी स्वच्छ पंखांचा प्रौढ दिसला की प्रश्न मिटला. पंखाच्या कडेचे केस ही साधारणपणे उपप्रौढाची खूण, पण सीनिडीत ती झालर प्रौढालाही राहते. तिथे या खुणेवर विसंबू नका.

हेप्टाजेनिडीच्या प्रौढालाही शेपटीचे धागे दोनच, त्यामुळे धागे मोजून उपयोग नाही. मागचा पंख बघा. तो चांगला मोठा असतो, शिवाय मागच्या पायाच्या तळव्याला पाच पेरं स्पष्ट मोजता येतात. बीटिडीत पेरं कमी, आणि पुढच्या पंखाच्या बाहेरच्या कडेला लांब शिरांच्या मधे सुट्या, तोकड्या शिरा दिसतात.

कुळापर्यंत भिंगावर पोहोचाल. जातीचं नाव मात्र फोटोवरून देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी प्रौढ नर लागतो, कारण पोटाच्या टोकाशी असलेल्या त्याच्या जननांगांची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. पिल्लू आणि प्रौढ यांची जोडी लावायची असेल, तर पाठीवरचे पंखांचे कोंब काळे पडलेलं पिल्लू निवडा. ते आता उडायच्या बेतात असतं. त्याला घरी ठेवायला ओढ्याचंच पाणी, हवेसाठी मत्स्यटाकीचा छोटा पंप आणि वर चढायला दगड एवढं पुरतं. कात आणि प्रौढ एकाच कुपीत ठेवा.

कोयना अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय एकही नमुना उचलू नका. तो भाग 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. आमचा ओढा हद्दीबाहेर आहे, तरी खात्री करून घेतो. नमुने 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले तर डोळ्यांचा नारिंगी रंग टिकेल का?

प्रतिसाद

नाही, फिका पडतो. जिवंतपणीच कडेने आणि वरून फोटो काढा. कुपीत तारीख आणि ठिकाणाची चिठ्ठी पेन्सिलने लिहून टाका, शाई अल्कोहोलमध्ये उतरते.