मदत हवी आहे: रेशनकार्डावर नाव नाही, जनआरोग्य योजनेत ऑपरेशन होईल का?

नमस्कार मंडळी. सातपूरला आमच्या शेजारच्या वहिनींना हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन सांगितलंय. दादा कंत्राटी कामगार, कार्ड केशरी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण लग्नानंतर वहिनींचं नाव सासरच्या कार्डावर चढवायचं राहिलंय. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आहे, आधारवर मात्र अजून माहेरचंच आडनाव. रुग्णालयातले आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) म्हणतात, आधी नाव चढवून आणा. डॉक्टर म्हणतात, थांबू नका. वहिनी दोन पायऱ्या चढल्या तरी धापा टाकतात हो, बघवत नाही. तोवर विवाह नोंदणीचा दाखला किंवा तहसीलदारांचं पत्र चालतं का? नाशकात कुणी नुकतंच हे केलं असेल तर आधी कुठे जायचं, कृपया सविस्तर सांगा.